ऑब्सिडियन क्लिफचा दगड: कुठून काढत, कसा घडवत आणि दूरवर सापडला तर कसा ओळखतात

प्रश्न थोडक्यात असा होता: अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ऑब्सिडियन क्लिफ नावाचा ज्वालामुखी काचेचा कडा आहे. प्रागैतिहासिक माणसं तिथून हत्यारांचा दगड नेमका कसा काढत? तो घडवताना काय बिघडतं? दूरवर सापडलेला तुकडा त्याच कड्याचा, हे कशावरून सांगतात? आणि महाराष्ट्र जवळजवळ सगळा लाव्हारसाचा असताना इथे तो का सापडत नाही?

आधी जागा समजून घ्या. कडा वायोमिंग राज्याच्या वायव्य कोपऱ्यात आहे, मॅमथ हॉट स्प्रिंग्जच्या दक्षिणेला सुमारे २१ किलोमीटरवर, नॉरिसकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पूर्वेला. समुद्रसपाटीपासून उंची साधारण २,२५० मीटर. ऑब्सिडियन क्रीक या ओढ्याच्या पातळीपासून कडा ४५ ते ६० मीटर वर चढतो आणि सुमारे ८०० मीटर लांब पसरतो. छायाचित्रांत दिसतो तो हाच काळा, चकाकणारा उभा भाग, आणि त्यामुळे बहुतेकांना वाटतं की माणसं कड्याच्या तोंडाशी उभी राहून दगड फोडत असत. मुख्य काम तिथे झालेलं नाही. ते झालं कड्याच्या माथ्यामागे पसरलेल्या पठारावर. हा दगडाचा स्रोत सुमारे साडेचौदा चौरस किलोमीटरचा आहे आणि त्याचा फार थोडा भाग रस्त्यावरून दिसतो.

पठारावर लॉजपोल पाइनचं दाट जंगल होतं, त्यामुळे तिथलं काम बराच काळ नजरेआड राहिलं. १८७०च्या दशकात विल्यम हेन्री होम्स यांनी इथल्या हत्यारांची आणि छिलक्यांची, म्हणजे दगड फोडताना उडालेल्या कपच्यांची, नोंद केली. जोसेफ इडिंग्ज यांनी १८८८ साली खडकाचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. पण खाणींचा खरा आवाका १९८८च्या मोठ्या वणव्यानंतर कळला. झाडोरा आणि पालापाचोळा जळून जमीन उघडी पडली, आणि लेस्ली डेव्हिस व सहकाऱ्यांच्या सर्वेक्षणात ५९ ठिकाणी दगड काढल्याच्या आणि फोडल्याच्या खुणा नोंदल्या गेल्या. १९९६ साली या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. वापराचा काळ ११,००० वर्षांहून अधिक धरला जातो. शोशोनी, क्रो, बॅनक, ब्लॅकफीट, नेझ पर्स अशा अनेक जमातींचे यलोस्टोनशी जुने संबंध आहेत आणि ते आजही टिकून आहेत. ‘नामशेष लोकांची खाण’ असं या जागेबद्दल लिहिलं जातं, ते साफ चुकीचं आहे.

आता दगड. ऑब्सिडियन म्हणजे स्फटिक न बनता थिजलेला लाव्हारस. इथला प्रवाह ऱ्हायोलाइटचा, म्हणजे सिलिकाचं प्रमाण ७५ टक्क्यांच्या आसपास. इतका सिलिका असलेला शिलारस प्रचंड घट्ट असतो. त्यातल्या अणूंना हलून स्फटिकाची रांग लावायला वाव मिळत नाही आणि तापमान उतरलं की आहे त्या विस्कळीत अवस्थेत सगळं गोठतं. हा प्रवाह हिमनदीला टेकून एकदम थंड झाला, म्हणून काच झाली, असं जुन्या लिखाणात सापडतं. पण काच बनायला बर्फाची गरज नसते, ऱ्हायोलाइटचा घट्टपणा पुरेसा असतो. प्रवाहाचं वय दोन लाख वर्षांहून कमी आहे. यलोस्टोनचा शेवटचा महाउद्रेक सुमारे ६,४०,००० वर्षांपूर्वीचा, म्हणजे हा प्रवाह त्याच्या पुष्कळ नंतरचा. हे वय पुढे महाराष्ट्राचा विचार करताना कामी येईल.

काच असल्यामुळे या दगडाला कण नाही, पापुद्रा नाही, फुटण्याची ठरलेली दिशा नाही. आघात बसला की ताण बिंदूपासून शंकूसारखा पसरतो आणि फुटलेल्या पृष्ठावर शिंपल्यासारखी वलयं उमटतात. घडवणारा बळाची दिशा ठरवू शकतो ती याच गुणामुळे. नव्या छिलक्याची धार काही नॅनोमीटरपर्यंत पातळ असू शकते, पोलादी पात्यापेक्षा कितीतरी बारीक. कठिणता मात्र मोह्‌सच्या मापावर ५ ते ५.५, म्हणजे गारगोटीपेक्षा कमी. त्यामुळे मांस, कातडं, स्नायू कापायला याच्यासारखा दगड नाही, पण हाडावर किंवा ओल्या लाकडावर घाव घातला तर धारेचे कण उडतात. दूरच्या वस्त्यांत ऑब्सिडियनच्या सुऱ्या आणि टोकं सापडतात, जड तासण्याची अवजारं मात्र बहुधा चर्ट किंवा क्वार्ट्झाइट या जास्त चिवट दगडांची असतात. कारण हेच.

पण सगळं ऑब्सिडियन सारखं नसतं. एकाच प्रवाहात काही मीटरच्या अंतरावर प्रत बदलते, आणि पठारावरच्या खड्ड्यांची मांडणी पाहिली की काढणाऱ्यांना हे नेमकं कळत होतं हे लक्षात येतं. तीन दोष ओळखता यायला हवेत. पहिला, स्फेरुलाइट: करडे किंवा पांढुरके गोल ठिपके, मोहरीच्या दाण्यापासून लिंबाएवढे. इथे काचेचे स्फटिक झालेले असतात, फेल्डस्पार आणि क्रिस्टोबलाइट या खनिजांचे. फुटीची लाट तिथे येऊन अडते, वळते किंवा थांबते. दुसरा, लिथोफायसी: आतून पोकळ, पाकळ्या-पाकळ्यांच्या गाठी, वायू साठल्यामुळे झालेल्या. अशी एक गाठ हाताएवढ्या पात्याचं काम संपवू शकते. तिसरा, प्रवाहाचे पट्टे: लाव्हारस वाहताना पडलेले थर. नुसता रंगाचा पट्टा असेल तर काही बिघडत नाही, पण पट्ट्यात बारीक बुडबुडे किंवा स्फटिकांची रांग असेल तर दगड त्या रेषेवर दुभंगतो. बहुतेक दगड काळा, काही तपकिरी-लालसर, काही दोन्हींची नक्षी असलेला. रंगावरून प्रत ठरत नाही.

आणि कड्याचा पायथा? प्रवाहाच्या खालच्या भागात थंड होताना आकसून खांब पडले आहेत. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला बेसॉल्टचे खांब आहेत, ती क्रिया तीच. खांबांच्या भेगांमुळे मोठा अखंड तुकडा मिळणं अवघड होतं, आणि वरून कोसळलेल्या दगडाच्या अंगात आपटण्याचे बारीक तडे असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, दगड हातात असताना तिसऱ्या-चौथ्या घावाला उघडे होतात. छोट्या छिलक्यांपुरता हा माल चालतो. लांब, पातळ, दोन्ही बाजूंनी घडवलेलं पातं करायचं असेल तर पठारावर जाऊन मातीखालचा, न आपटलेला दगड काढावा लागतो.

दगड काढण्याच्या दोन पद्धतींच्या खुणा तिथे आहेत. एक सोपी: पृष्ठावर आणि हिमनदीने आणून टाकलेल्या गाळात सुटे गोटे असतात, ते वेचायचे आणि एक कोपरा उडवून पारखायचे. दुसरी मेहनतीची: खड्डे खणायचे. काही खड्डे लंबगोल, काही चरासारखे लांब, आणि उताराच्या बाजूला उपसलेल्या मातीचा व छिलक्यांचा कठडा. असं काम करायला जड हातोडी दगड, पहारीसारखं वापरायचं कठीण लाकूड आणि एल्क हरणाचं शिंग पुरतं. मातीखालचा दगड ओलसर आणि तापमानाच्या चढउतारापासून सुरक्षित राहतो, त्यामुळे त्याच्या पृष्ठावर दंवाच्या भेगा कमी. हंगामही ठरलेला असणार, कारण या उंचीवर हिवाळाभर बर्फ साचतो आणि आजही हा रस्ता गाड्यांसाठी त्या काळात बंद असतो.

आग लावून दगड फोडत असतील का, असं पुष्कळ जण विचारतात. हत्यारासाठी तसं करण्यात अर्थ नाही. १८७८ साली उद्यानाचे अधीक्षक फिलेटस नॉरिस यांनी इथून रस्ता काढताना कोसळलेल्या काचेच्या शिळांवर आग पेटवून वर थंड पाणी ओतलं. शिळा तडकल्या, त्यांचा चुरा करून रस्ता झाला. रस्त्याला चुरा हवाच होता. पण असा तडकलेला दगड हत्याराला निकामी, कारण तडे सगळ्या अंगभर जातात. चर्ट किंवा अकीक हळूहळू तापवला तर फुटायला सुधारतो आणि जगभर तसं करत आले आहेत. ऑब्सिडियन आधीच काच असल्याने तापवून त्यात काही सुधारत नाही. फार तापलं तर आतलं थोडंसं पाणी वाफ होऊन दगड फुगतो आणि फेसाळ होतो. १९८८च्या वणव्यात जिथे लाकूड खच्चून पडलेलं होतं तिथे असे फुगलेले तुकडे नोंदले गेले.

घडवण्याकडे येऊ. खाली दिलेला क्रम ऑब्सिडियनला लागू आहे, आणि सरावासाठी जाड बाटलीच्या तळाच्या काचेलाही.

आधी सुरक्षा, कारण या दगडात ती गौण नाही. डोळ्यांवर बाजूंनी बंद असलेला चष्मा, मांडीवर ५-६ मिलिमीटर जाड चामडं, डाव्या हातात चामड्याची गादी, पायांत बंद बूट. काम उघड्यावर, वारा पाठीवर घेऊन. ऑब्सिडियनची धूळ मुख्यतः काचेची असते, पण स्फेरुलाइटमधलं क्रिस्टोबलाइट हे स्फटिकरूप सिलिका आहे आणि ते फुप्फुसाला घातक. धार घासताना धूळ सर्वांत जास्त उडते, तेव्हा एन-९५ मास्क लावाच. खाली ताडपत्री अंथरा आणि छिलके कधीही हाताने गोळा करू नका.

गोटा निवडताना १५ ते २० सेंटिमीटरचा घ्या. धुऊन तिरप्या उन्हात फिरवून बघा, मग लहान दगडाने हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर अंग अखंड आहे. बद्द आवाज आला तर आत तडा आहे, तो गोटा बाजूला ठेवा. मनात शंका ठेवून पुढे गेलात तर दोन तासांचं काम शेवटच्या घावाला तुटेल.

पहिल्या छिलक्यांसाठी ३०० ते ५०० ग्रॅमचा, मऊसर वालुकाश्माचा हातोडी दगड घ्यावा. ऑब्सिडियनवर अगदी कठीण दगड वापरला की आघाताचा बिंदू चुरडतो आणि खाली बारीक तडे जातात. घाव जिथे घालायचा ती कडा आणि ज्या पृष्ठावरून छिलका निघणार ते पृष्ठ यांच्यातला कोन ९० अंशांच्या आत हवा, ६० ते ७५ उत्तम. कोन ९०च्या पुढे गेला तर कितीही जोर लावा, छिलका निघणार नाही, फक्त कडा चुरेल. गोल गोट्यावर असा कोन शोधणं हेच पहिलं कौशल्य आहे. सापडला नाही तर गोटा ऐरणीच्या दगडावर ठेवून दुभंगावा आणि फुटलेल्या सपाट तोंडापासून सुरुवात करावी.

घावाआधी प्रत्येक वेळी कडा वालुकाश्माने घासा. नवशिके हीच पायरी गाळतात आणि त्यांचा बहुतांश दगड याच कारणाने वाया जातो. न घासलेली कडा कागदासारखी पातळ असते. घाव बसला की ती स्वतःच मोडते आणि बळ दगडात शिरतच नाही. घासल्यावर कडा बोथट, भरड दिसायला हवी. मग घाव कडेपासून काही मिलिमीटर आत घाला. जितका आत, तितका छिलका जाड. दगडाच्या पृष्ठावर एखादी उभी धार किंवा फुगवटा असेल तर छिलका त्याच्यामागे धावतो, म्हणून आधीच्या दोन छिलक्यांमध्ये उरलेल्या धारेच्या डोक्यावर घाव घालायचा. सपाट किंवा खोलगट जागेवर लांब छिलका निघत नाही.

दोन्ही बाजूंनी घडवलेलं पातं करताना रुंदी आणि जाडी यांच्या प्रमाणावर नजर ठेवा. ओबडधोबड अवस्थेत जाडीच्या दुप्पट रुंदी, पुढे तिप्पट, आणि पूर्ण झालेल्या पात्यात चौपट किंवा त्याहून जास्त. रुंदी कमी होत गेली आणि जाडी तशीच राहिली तर छिलके मध्यरेषेपर्यंत पोचत नाहीत, अर्ध्यातच संपतात. इथे दगड सोडून १५० ते ३०० ग्रॅमचा शिंगाचा दंडुका घ्यायचा. तो कडेवर क्षणभर रुततो, त्यामुळे छिलका रुंद आणि पातळ निघतो. भारतात मात्र सांबर-चितळाची शिंगं बाळगण्यावर वन्यजीव कायद्याचे निर्बंध आहेत, जंगलात गळून पडलेली उचलली तरी. शिसवीसारख्या कठीण लाकडाचा दंडुका किंवा तांब्याची टोपी बसवलेली मूठ वापरा.

शेवटचं काम दाबाचं. टोकदार शिंग, किंवा लाकडी मुठीत बसवलेली साधारण ४ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार, अर्थिंगला वापरतात तशी. पातं चामड्याच्या गादीत धरायचं, टोक घासलेल्या कडेवर टेकवायचं, आधी पात्याच्या आत दाब वाढवत न्यायचा आणि मगच खाली झुकवायचं. बहुतेकांचं उलट होतं: खाली आधी दाबतात, आत नंतर. मग कडेचे आखूड, चौकोनी तुकडे उडतात आणि धार दातेरी होते.

काय बिघडतं ते नीट समजून घ्या, कारण खाणीवर टाकून दिलेले तुकडे वाचण्याची किल्लीही तीच आहे. छिलका मध्येच काटकोनात तुटून पायरी राहिली, तर बळ कमी पडलं किंवा कोन फार उघडा होता. छिलका शेवटी वर वळून गोलसर ओठ ठेवून गेला, तर घाव बाहेरच्या दिशेने गेला किंवा पृष्ठ फार सपाट होतं. दोन्ही वेळा पुन्हा त्याच जागी घाव घालण्याचा मोह होतो. घालू नका. एकावर एक पायऱ्या चढतात आणि मध्ये गाठ उरते. समोरच्या कडेने छिलका आणून ती गाठ खालून उचलावी लागते. छिलका पलीकडची कडाच घेऊन गेला, तर जोर जास्त झाला किंवा घावाची जागा मध्यपातळीच्या फार खाली होती. आणि लांब पातं एका टोकाला घाव घातल्यावर मधोमध तुटलं, तर दगडातून गेलेल्या कंपनाला आधार मिळाला नव्हता. पातं जितकं लांब आणि पातळ, तितकी त्याची पाठ मांडीला किंवा तळहाताला टेकलेली हवी. खाणीजवळच्या कचऱ्यात मधोमध तुटलेली अर्धवट पाती पडलेली असतात, ती बहुतेक याच कारणाची. त्या माणसाला काम येत नव्हतं असं त्यावरून ठरत नाही. लांब पात्यात हा धोका कुशल हातालाही टाळता येत नाही.

म्हणूनच दगड खाणीवरच अर्धा घडवत. गोट्याच्या वजनाचा मोठा भाग कचरा होतो, तो पाठीवर वाहण्यात अर्थ नाही, आणि लपलेला दोष जो काही आहे तो खाणीवरच उघड होतो. तिथे दुसरा गोटा हाताशी असतो, दोनशे किलोमीटरवर नसतो. अर्धी घडवलेली पाती बोथट कडांसह नेत, कारण ऑब्सिडियन ऑब्सिडियनवर आपटलं की धार जाते. प्रवासात घासलेल्या अशा पात्यांच्या उंचवट्यांवर मंद, भुरकट झिलई दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली ती ओळखू येते आणि ‘हा तुकडा बराच काळ पिशवीत होता’ एवढं खात्रीने सांगते.

हा दगड किती दूर गेला याचं सर्वांत ठळक उदाहरण ओहायोतलं. तिथल्या होपवेल परंपरेच्या लोकांनी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, चिलिकॉथी परिसरात मातीचे मोठे भूमितीय बांध आणि दफनाचे ढिगारे उभारले. २०२३ साली त्यांना जागतिक वारसा दर्जा मिळाला. होपवेल स्थळाच्या ११ क्रमांकाच्या ढिगाऱ्यात सुमारे १३६ किलो ऑब्सिडियनचा कचरा एका जागी सापडला. आसपास कुठेही ज्वालामुखी काच नाही. १९६९ साली ग्रिफिन, गॉर्डस आणि राइट या संशोधकांनी न्यूट्रॉन सक्रियण पद्धतीने (न्यूट्रॉनांचा मारा करून दगडातली मूलद्रव्यं मोजण्याची पद्धत) होपवेल ऑब्सिडियनची रासायनिक ओळख पटवली आणि ती ऑब्सिडियन क्लिफशी जुळली. सरळ रेषेत सुमारे २,४०० किलोमीटर. नंतरच्या तपासण्यांत काही वस्तू आयडाहोतल्या बेअर गल्च या दुसऱ्या स्रोताच्या निघाल्या. मोठी समारंभी पाती आणि एका जागी एवढा कचरा पाहता, दगड हातोहात थोडा-थोडा सरकत गेला यापेक्षा मोजक्या मोठ्या फेऱ्यांत आणला गेला, हे मत मला जास्त पटतं. हातोहात गेला असता तर वाटेवरच्या प्रदेशांत अंतरागणिक घटत जाणारी रेघ दिसायला हवी होती.

ओळख पटवण्यामागचं रसायन सोपं आहे. एका उद्रेकातला शिलारस एका साठ्यातून येतो आणि त्याची घडण बरीच एकसारखी असते. साठ्यात फेल्डस्पारचे स्फटिक वेगळे होत गेले की ते स्ट्रॉन्शियम आणि बेरियम ओढून घेतात, रुबिडियम मात्र उरलेल्या रसात साठत जातं. ऑब्सिडियन क्लिफच्या काचेत म्हणून रुबिडियम भरपूर आणि स्ट्रॉन्शियम जवळजवळ नाहीच. बेअर गल्चमध्ये स्ट्रॉन्शियम स्पष्ट दिसतं आणि झिर्कोनियमही जास्त असतं. या दोघांना वेगळं करायला नुसता रुबिडियम-स्ट्रॉन्शियमचा आलेख पुरतो.

आज हे काम बहुधा एक्स-रे फ्लुओरेसन्सने, म्हणजे क्ष-किरण टाकून मूलद्रव्यं ओळखणाऱ्या यंत्राने होतं, कारण वस्तूला इजा होत नाही. तुकडा साध्या पाण्याने मऊ ब्रशने धुवा, पूर्ण वाळवा. माती राहिली तर लोह आणि स्ट्रॉन्शियम खोटं वाढतं. यंत्राच्या खिडकीवर सर्वांत सपाट आणि जाड बाजू टेकवा. किमान १० मिलिमीटर रुंदी आणि दीड-दोन मिलिमीटर जाडी हवी. त्याहून पातळ असेल तर किरणं आरपार जातात आणि आकडे कमी दाखवतात, विशेषतः झिर्कोनियम आणि निओबियमसारख्या जड मूलद्रव्यांचे. अशा वेळी नुसत्या आकड्यांऐवजी गुणोत्तरं वापरावीत, तरी निष्कर्ष जपूनच काढावा. रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, इट्रियम, झिर्कोनियम, निओबियम ही पाच मूलद्रव्यं मुख्य. यंत्राच्या आलेखात त्यांची शिखरं एकमेकांवर चढतात: रुबिडियमचं दुय्यम शिखर इट्रियमवर, स्ट्रॉन्शियमचं झिर्कोनियमवर, इट्रियमचं निओबियमवर. ही वजाबाकी नीट झाली नाही तर स्रोतच बदलून दिसतो. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी आरजीएम-२सारखा प्रमाणित नमुना मोजा. स्फेरुलाइटवर खिडकी टेकली असेल तर ते मोजमाप सोडून द्या. आणि एक मर्यादा कायम लक्षात ठेवा: यंत्र दगड कोणत्या प्रवाहाचा एवढंच सांगतं. तो पठारावरच्या खड्ड्यातून काढला की नदीने वाहून आणलेला गोटा उचलला, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी तुकड्याची मूळ त्वचा, खडबडीत की घासून गुळगुळीत, पाहावी लागते.

वयासाठी जलशोषणाची पद्धत आहे, १९६० साली फ्रीडमन आणि स्मिथ यांनी मांडलेली. ताज्या फुटलेल्या पृष्ठातून काच हळूहळू पाणी शोषते आणि काही मायक्रॉन जाडीची पट्टी तयार होते. पातळ छेदात ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. जाडी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे पट्टी दुप्पट तर काळ चौपट. अडचण तापमानाची. उन्हात पडलेला आणि अर्धा मीटर खाली गाडलेला तुकडा यांचा वेग वेगळा, आणि काचेच्या घडणीनुसारही वेग बदलतो. म्हणून आधी स्रोत ओळखायचा, मगच वय काढायचं. वणव्यातून गेलेल्या तुकड्याची पट्टी पसरट होते किंवा पुसली जाते. यलोस्टोनसारख्या, सतत वणवे होणाऱ्या जागी हा प्रश्न गंभीर आहे.

आता महाराष्ट्र. दख्खनचा लाव्हारस बेसॉल्टचा, सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास. तो पातळ वाहतो, त्यात स्फटिक सहज वाढतात, काच फार तर कडेला बोटभर जाडीची होते. मुंबईच्या साष्टी भागात ऱ्हायोलाइट आणि ट्रॅकाइट असे जास्त सिलिकाचे खडक आहेत, पण इथे दुसरा अडथळा येतो: वय. काच ही टिकाऊ अवस्था नाही. ती पाणी शोषते आणि हळूहळू तिचे स्फटिक होतात. जगातलं हत्यारालायक बहुतेक ऑब्सिडियन काही दशलक्ष वर्षांच्या आतलं आहे. दख्खनचे प्रवाह सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. त्या काळात काच झाली असेलही, पण ती केव्हाच बदलून गेली.

त्याची भरपाई मात्र याच बेसॉल्टने केली. बुडबुड्यांच्या पोकळ्यांत सिलिका साचून कॅल्सेडनी, अकीक, जास्पर तयार झाले. नेवाशाजवळ प्रवरेकाठी चिरकी इथे पुराश्मयुगीन हातकुऱ्हाडी डोलेराइट-बेसॉल्टच्या आहेत, आणि लाखो वर्षांनंतर इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची बारीक समांतर पाती कॅल्सेडनीची. ही पाती काढणाऱ्यांचं कौशल्य ऑब्सिडियनवाल्यांपेक्षा तिळभरही कमी नाही. उलट कॅल्सेडनीचे गोटे लहान असतात आणि अंगाने चिवट, त्यामुळे गाभ्याची, म्हणजे ज्यातून पाती काढायची त्या गोट्याची, एक कड दोन्ही बाजूंनी छिलून उभी धार तयार करायची आणि त्या धारेवरून पहिलं पातं काढायचं, ही तयारी फार काटेकोर लागते.

यलोस्टोनला गेलात तर रस्त्याकडेला १९३१ साली बांधलेला माहितीफलकाचा दगडी निवारा आहे, तिथे थांबा. एकही चिमूटभर तुकडा उचलू नका. तो कायद्याने गुन्हा आहे, आणि पर्यटकांनी नेलेल्या छिलक्यांनी रस्त्याजवळच्या भागाचं आधीच नुकसान झालं आहे. सरावातून निघालेला आपला कचराही जुन्या स्थळाजवळ टाकू नका. कचरापेटीत टाका, किंवा पुरायचाच असेल तर त्यात चालू सालाचं नाणं ठेवा, म्हणजे पुढचा उत्खनक फसणार नाही.

महाराष्ट्रात शेतात, नदीकाठी काळी चकचकीत काच सापडली म्हणून जे विचारतात त्यांच्यासाठी: बहुतेक वेळा ती लोखंड गाळण्याच्या भट्टीची मळी असते. तुटलेल्या तोंडावर गोल बुडबुडे, गंजाचे डाग, एका बाजूला वाहून थिजल्यासारखा सुरकुतलेला पृष्ठ, कधी चुंबक ओढतो. पातळ कडा उजेडासमोर धरा: गर्द हिरवी किंवा निळी दिसली तर ती बाटलीची किंवा भट्टीची काच असण्याची शक्यता जास्त, धुरकट करडी-तपकिरी दिसली तर अधिक तपासणं योग्य. तसा तुकडा मिळाला तर जागेवर मोजपट्टी ठेवून छायाचित्र काढा, फोनवर अक्षांश-रेखांश नोंदवा, तुकडा तिथेच राहू द्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कळवा. मळी निघाली तरी कळवणं वाया जात नाही, कारण जुन्या भट्टीची जागा हीसुद्धा नोंदवण्याजोगी गोष्ट आहे.